आखाड्यात नवीन पोट्टे चार दिवस बी टिकत नाईत, काय करावं?

लालमाती_दारव्हा

राम राम मंडळी, थोडं लांब लिहून रायलो, सांभाळून घ्या.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मारुतीच्या देवळामागं जुना आखाडा हाये, माह्या आज्याच्या काळचा. मधात गंज वर्सं बंदच होता, लोकं त्यात तुराट्या अन् गोवऱ्या ठेवत. दोन वर्साखाली आमी नऊ जणांनी वर्गणी करून साफ केला, तीन ट्रॉली लाल माती आणली (आपली काळी माती आखाड्याले चालत नाई, दगडासारखी बसते), त्यात हळद, ताक, तेल, कडूलिंबाचा पाला टाकून मळली, वरतून टिना टाकल्या, सारं केलं.

गावात पोलीस भरतीची तयारी करणारे १८ ते २४ वयाचे पोट्टे भरपूर हायेत. पहाटे दारव्हा रोडवर १६०० मीटर धावतेत, गोळा फेकतेत. त्याइले म्हटलं इकडे या, आंग कमवा, तं येतात. जोर-बैठका मारतेत कपड्यावर. पण लंगोट नेसून मातीत उतरायची पाळी आली का कोणाचं पोट दुखते, कोणाले वावरात जायचं रायते.

मागच्या महिन्यात एक पोट्टा आला, बीएच्या दुसऱ्या वर्साले. हातपाय लंबे, हाड मजबूत, कोणीही पाहून म्हणन का याले फक्त दोन वर्सं द्या. घरून नवा लाल लंगोट आणला होता, कृषी केंद्राच्या थैलीत गुंडाळून. पहिल्या दिवशी कडूलिंबाखाली बसला, थैली मांडीवर. दुसऱ्या दिवशी बी तसाच. तिसऱ्या दिवशी शर्ट काढला, बनियान काढू का नको असं चालू होतं तेवढ्यात पारावर बसलेल्यातून कोणीतरी आवाज देला "तुराटी आली रे" अन् सारे हासले. त्यानं शर्ट घातला, थैली उचलली अन् गेला. लंगोट त्या थैलीतून बाहेर निघालाच नाई राजेहो. मले त्या रात्री झोप नाई आली.

दुसरी गोष्ट मेंबरची. वहीत ३१ नावं हायेत, महिन्याचे ५० रुपये बहुतेक जण देतेत, पण सकाळी मातीत असतो आमी सहा जण. माती उकरायची तेच सहा, पाणी मारायचं तेच सहा. बाकीचे नागपंचमीले अन् पोळ्याच्या दंगलीले फेटे बांधून येतात. त्याइले कसं आणावं अन् नवीन पोट्ट्याइले कसं टिकवावं, कोणाले अनुभव असन तं सांगा.

जुना_मल्ल_अकोट

बेटा, वाचून बरं वाटलं का कोणी तरी आखाडा उघडला. माह्यं वय आता ६४ हाये, नातू मोबाईलवर लिहून देऊन रायला.

आमच्या वेळी नवीन पोट्ट्याले वस्ताद पहिले पंधरा दिवस कुस्ती नाई सांगे. फावडं देत हातात, उकर माती. सकाळी यायचं, माती उकरायची, पाणी मारायचं, मोठ्या पहेलवानाच्या पाठीवर माती लावून द्यायची. शर्ट कवा निघाला ते त्याले समजतच नाई, घामानं चिपचिप झाली का आपोआप काढते माणूस. लंगोट वस्ताद सोता बांधून देत पहिल्या दिवशी, निक्करच्या वरतून, का पट्टा कसा घ्यायचा अन् गाठ कुठं मारायची. दुसऱ्या दिवसापासून तुह्या तू बांध.

अजून एक गोष्ट, गजकर्णाची. ज्याच्या आंगावर चट्टा हाये त्याले बरा होईपर्यंत मातीत उतरू देऊ नको, पण हे त्याले बाजूले घेऊन सांगायचं. चारचौघात सांगितलं तं तो बी गेला अन् त्याचे दोन दोस्त बी गेले. लंगोट ज्याचा त्याचा, रोज धुवायचा, उन्हात वाळवायचा. दुसऱ्याचा लंगोट नेसू देऊच नको.

आता मनातलं सांगतो. आमी बी हासलो होतो एकाले. ७८-७९ ची गोष्ट असन. त्याच्या पाठीवर लहानपणी चुलीवरचं पाणी सांडल्याचे डाग होते. आमाले काई वाईट म्हणायचं नवतं, जवानीत होतो, हासलो. तो परत आखाड्याची पायरी चढला नाई. पुढं चांगला शेतकरी झाला, मागच्या वर्सी गेला बिचारा. मयतीले गेलो तवा हेच आठवत होतं.

पुसद_ते_हॅनोवर

दादा, तुमच्या पोस्टमधला तो थैलीवाला पोरगा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मूळचा पुसद तालुक्यातला, अकरा वर्षं झाली जर्मनीत आहे. पुढचं वाचून काही जणांना विचित्र वाटेल, पण पूर्ण वाचा अशी विनंती.

इथे एफकेके नावाचा प्रकार आहे, फ्रायकोर्परकुल्टुअर, म्हणजे मोकळ्या अंगाने राहायची रीत. शंभर वर्षांच्या वरची जुनी चळवळ आहे, तिच्या रीतसर नोंदणी केलेल्या संस्था आहेत, अगदी आपल्या गणेश मंडळासारखे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वार्षिक सभा, वर्गणी, सगळं. गावाबाहेर झाडीत कुंपण घातलेली जागा असते, आत तलाव किंवा पोहायचा टाका, व्हॉलीबॉलचं मैदान, हिरवळ. उन्हाळ्यात लोक तिथे कपड्याशिवाय राहतात, पोहतात, खेळतात, बागकाम करतात, जेवतात. कोणाच्या मनात वावगं काही नसतं आणि कोणी तसं वागलं तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवतात. मी चार वर्षांपासून अशा एका क्लबाचा मेंबर आहे, बायकोला माहीत आहे, गावी आईला सांगितलेलं नाही.

आता माझा पहिला दिवस सांगतो. गाडी गेटबाहेर लावून मी वीस मिनिटं गाडीतच बसलो होतो. वाटलं वळवावी आणि घरी जावं. तेवढ्यात एक सत्तरीच्या बाई आल्या, डोक्यावर गवती टोपी, हातात मोजे, पायात गमबूट, बाकी अंगावर काही नाही, हातगाडीत वाळका पाला भरलेला. काच वाजवली, म्हणाल्या तू आज येणार होतास ना, ये, तुझीच वाट बघत होते, हा दाताळा धर. मला वाटलं होतं आत जाताच कपडे काढा म्हणतील. त्या म्हणाल्या, हाफपँट राहू दे, घाई नाही, पाला गोळा करू आधी. तासभर मी पाला ओढला. मग घाम आला, टी-शर्ट काढला, मग पुढचं. कोणीही बघितलं नाही हो. मुद्दाम मान वळवली असंही नाही, ज्याचं त्याचं काम चालू होतं.

मागे फिरून विचार केला तेव्हा कळलं की लाज कपडे काढायची नसतेच. लाज असते ती आपण उघडे आणि समोरचा झाकलेला याची. म्हणून कपडे घालून खुर्ची टाकून बघत बसणारा माणूस अशा क्लबात चालत नाही. नव्या माणसाला पाहिजे तेवढा वेळ देतात, पण बघ्याला जागा नाही. तुमच्या आखाड्यात सहा जण लंगोटावर आणि पारावर पंधरा जण पँट-शर्टात, असं असेल तर लाज मातीतून येत नाहीये, पारावरून येतेय. आधी तो पार बंद करा.

मोबाईलचंही तसंच. इथे परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही हा नियम फार कडक पाळतात. तुमच्याकडे कोणी रील काढत असेल तर नवीन पोराच्या डोक्यात एकच चालू असेल की आज आपण गावाच्या ग्रुपवर जाणार. आणि टॉवेल, जिथे बसायचं तिथे आधी आपला टॉवेल टाकायचा, स्वच्छतेसाठी. जुन्या मल्लकाकांनी लंगोटाचं सांगितलं ते आणि हे एकच.

मेंबरांचं दुखणं मात्र इथेही तेच, खोटं कशाला सांगू. अनेक क्लबांत मेंबर म्हातारे होत चाललेत, तरुण येत नाहीत. गवत कापायला, टाका साफ करायला तेच ते आठ-दहा जण. त्यावर बऱ्याच संस्थांनी कामाचे तास ठेवलेत, वर्षाला अमुक तास काम प्रत्येकाने करायचं, नाही केलं तर वर्गणीबरोबर त्याचे पैसे भरायचे. आमच्याकडेही आहे. पण माझं मत विचाराल तर पैशाने माणूस सुटतो, बांधला जात नाही. पैसे भरले की त्याला वाटतं झालं आपलं. ज्याच्याकडे नाव घेऊन एक वस्तू सोपवली तो येतो. माझ्याकडे बोटीच्या शेडची किल्ली आहे, फक्त किल्ली, पण शनिवारी मी नाही गेलो तर बोट निघत नाही, म्हणून मी जातो. तुमच्या ३१ जणांना "या हो" म्हणून काही होणार नाही. एकाला पाण्याचा पाइप द्या, एकाला कुलूप, एकाला कडूलिंबाच्या पाल्याचं काम.

संस्कार_प्रथम

हा ग्रुप कुस्तीचा आहे. आखाड्यात बजरंगबलीची मूर्ती असते, तिथे नंग्या लोकांच्या क्लबाची उदाहरणं द्यायची काय गरज होती? आपल्या संस्कृतीत हे बसत नाही आणि कायद्यातही नाही.

रामटेककर

भाऊ, तुमचा राग समजला पण त्यांनी असा क्लब काढा असं कुठं म्हटलं? नवीन माणसाला घरात कसं घ्यायचं एवढंच सांगितलं, ते कोणाकडूनही शिकता येते. कायद्याचं तुम्ही बरोबर बोलले, सार्वजनिक जागी अश्लील कृत्य म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं २९६ कलम, आधी २९४ होतं, त्यामुळे इथं तसलं काही करायचा प्रश्नच येत नाही.

पण उघडं अंग म्हटलं की आपल्याला काही नवीन नाही हेही खरं. आमच्या रामटेकला दिगंबर जैन मंदिरात आचार्य विद्यासागर महाराजांचे चातुर्मास झाले, मुनी विहार करत रस्त्यानं पायी जातात, बायाबापे हात जोडून उभे राहतात, कोणाच्या मनात दुसरं येत नाही. तो त्याग आहे, क्लबाशी त्याची तुलना नाही करायची, पण अंगात घाण नसते, पाहणाऱ्याच्या नजरेत असते, एवढं तर आपण लहानपणापासून पाहतोच.

आणि एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नाही. जगातल्या पहिल्या म्हणता येतील अशा नग्नतावादी संघटनांपैकी एक आपल्या महाराष्ट्रातच निघाली होती, जर्मनीच्या क्लबांच्याही आधी. १८९१ साली, ठाण्याला. चार्ल्स क्रॉफर्ड नावाचा इंग्रज न्यायाधीश होता, त्यानं काढली. मेंबर किती? तीन. तो पकडून तीन. माथेरान, तुळशी तलाव अशा ठिकाणी ते जमत. पुढं साहेबाची रत्नागिरीला बदली झाली आणि संघटना तिथंच बसली. इंग्लंडमधल्या एडवर्ड कार्पेंटर या लेखकाला त्यानं पत्रं लिहिली होती म्हणून आज आपल्याला हे माहीत तरी आहे.

मला याच्यात दारव्हाच्या भाऊंसाठी कामाचं एवढंच दिसते की एका माणसावर चालणारी गोष्ट त्याच्या बदलीबरोबर जाते. तुमचा जुना आखाडा कसा बंद पडला होता? वस्ताद गेले आणि मागं कोणी नव्हतं, असंच असेल. उलट अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बघा, १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी काढलं, १९३६ ला बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले, आणि आजही चालू आहे. काढणारे गेले, मंडळ राहिलं, कारण नवीन येणाऱ्याला शिकवणारा तयार करायची पद्धत त्यांनी ठेवली.

पीटी_मॅडम_मेहकर

मी शाळेत खेळ शिकवते, मुलींच्या भरतीची तयारीपण घेते, म्हणून थोडं लिहिते.

मुलींना लंगोटाचा प्रश्न नाही, कुस्तीला कॉस्च्युम असतो, भरतीला टी-शर्ट ट्रॅकपँट. तरी लाज तीच असते. ८०० मीटर धावणाऱ्या माझ्या एका मुलीने सहा महिने ओढणी कमरेला बांधून धावली, वेळ सुधारत नव्हती, मी रागावत होते आणि मला कारण कळत नव्हतं. मैदानाच्या कोपऱ्यात पानठेला आहे. शेवटी मी सुरुवातीची रेष उलट्या बाजूला नेली, ठेल्याकडे पाठ होईल अशी. तिसऱ्या दिवशी ओढणी गेली. एवढंच केलं होतं, रेष बदलली. म्हणून हॅनोवरच्या भाऊंनी पाराबद्दल लिहिलं ते वाचून एकदम पटलं.

दारव्हाच्या दादांना सांगते, कपडे बदलायला आडोसा आहे का तुमच्याकडे? नसेल तर एक पडदी घाला पहिले. मुलगा असला म्हणून काय झालं, त्यालाही आडोसा लागतो. हे कोणी बोलत नाही. आणि पुढे कधी गावातल्या मुली येणार असतील तर त्यांची वेळ वेगळी, शिकवायला बाई, आणि आईवडिलांना आधी बोलावून सगळं दाखवा, त्याशिवाय सुरू करू नका.

हॅनोवरच्या भाऊंना विचारायचं होतं, तुमच्या तिथे बायका कशा काय मोकळ्या राहू शकतात? त्यांना भीती वाटत नाही का?

पुसद_ते_हॅनोवर

मॅडम, तो ओढणीचा किस्सा मी आमच्या क्लबातल्या बाईंना वाचून दाखवणार आहे.

बायका मोकळ्या राहतात कारण कोणाला आत घ्यायचं ते बघून घेतात. आधी पाहुणा म्हणून काही वेळा यायचं, ओळख होऊ द्यायची, मग अर्ज. अमेरिका-इंग्लंडकडच्या बऱ्याच क्लबांत एकट्या पुरुषांच्या अर्जाकडे जास्त काळजीने बघतात, नाहीतर सगळे पुरुषच होतात आणि बायका यायच्या बंद होतात. चांगल्या पुरुषाला त्यात वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं, पण आता गेटवर उभं राहायची पाळी माझ्यावर येते तेव्हा कळतं की का करतात. नवीन माणसाला मोकळं वाटायचं तर आधीपासून असलेल्यांना सुरक्षित वाटलं पाहिजे. तक्रार आली तर त्याच दिवशी विचारपूस, पुढच्या सभेपर्यंत थांबत नाहीत.

दादा, एक राहिलं. त्या पोराकडे कोणीतरी गेलं का घरी? आणि ज्याने आवाज दिला होता त्याच्याशी बोललात का?

लालमाती_दारव्हा

मंडळी, उशिरा उत्तर देऊन रायलो, कापूस वेचणी चालू होती, बाया मिळत नवत्या, हातात मोबाईल घ्यायले बी टाइम नवता. साऱ्याइचे आभार. काकांची ती पाठीवरच्या डागाची गोष्ट मी आखाड्यात सारे बसवून वाचून दाखवली, कोणी काई बोललं नाई गंज वेळ.

काय काय केलं ते सांगतो. पाराकडची बाजू उघडी होती, तिकडे टिनाची भित उभी केली माणसाच्या उंचीएवढी. पारावरचे चार जण नाराज झाले, म्हणे आमच्या गावचा आखाडा अन् आमीच पाहू नाई का. मी म्हटलं पाहा नं, आत या, शर्ट काढा, जोर मारा अन् पाहा. एक आला खरंच, वय ५१, शुगर हाये त्याले, आता रोज येते, हळूहळू बैठका मारते. बाकी तिघांनी वर्गणी बंद केली, करू द्या.

दारात खुट्या ठोकल्या अन् कापडाच्या थैल्या लटकवल्या, ज्याचा त्याचा मोबाईल तिथं. हे लय जड गेलं लोकाइले, माह्यासकट, पण चालू हाये. आडोसा केला मॅडम, जुनी ताडपत्री होती सोयाबीन झाकायची, तीच बांधली. अन् पहिले पंधरा दिवस निक्कर चालन असं सांगून टाकलं. एक गोष्ट मात्र सांगतो पोट्ट्याइले, का भरतीत छाती मोजतानी शर्ट काढावाच लागते, ७९ सेंटीमीटर अन् फुगवून पाच वाढली पाह्यजे, तिथं अनोळखी लोकाइसमोर लाजून श्वास आखडला तं मेहनत वाया जाईन, त्यापेक्षा इथं आपल्या माणसात सवय करा.

३१ पैकी ११ जणांनी कामं घेतली. एकाकडे कुलूप, एकाकडे मोटर, दोघाइकडे पाला. बाकीचे नाई आले, खोटं नाई सांगत. कुलूपवाला पहिल्या आठवड्यात दोन दिवस उशिरा आला, आमी बाहेर थंडीत उभे होतो, कोणी रागावलं नाई, तिसऱ्या दिवशी तो आमच्या आधी हजर.

अन् त्या पोट्ट्याचं. ज्यानं आवाज देला होता तो माह्या चुलतभावाचाच पोरगा निघाला. त्याले घेऊन गेलो त्याच्या घरी, संध्याकाळी. माय चहा ठेवत होती. आमचं पोट्टं उंबऱ्यातच उभं रायलं, म्हणे मी बोललो ते चुकलं, तू ये, माह्यासोबत माती उकर. तो काई बोलला नाई, चहा झाल्यावर गेटापर्यंत सोडायले आला बस. मले वाटलं गेलं काम. चार दिवसांनी पहाटे साडेपाचले पाहतो तं दोघं बी फावडे घेऊन मातीत, अन् आपापसात काईतरी बोलून रायले १६०० च्या टाइमिंगबद्दल. मी दारातूनच वापस झालो, चपलाचा आवाज न करता.

काल सकाळी दोरीवर सात लंगोट वाळत होते. सातवा नवा, लालभडक, पहिल्यांदाच धुतलेला, त्याचा रंग निघून बाजूच्या दोन पांढऱ्या लंगोटाइले लागला. त्यातला एक माह्या होता.